त्या संध्याकाळी वारा नव्हता

जबाब

ठिकाण : रंगशाळा पोलीस चौकी, अहिल्यानगर
दि. १० जानेवारी २०२६, सकाळी

मी, जरीना इब्राहिम शेख, वय ५१ वर्षे, धंदा शिवणकाम (नाटकाचे व नाचाचे कपडे), राहणार रंगशाळा रस्ता, जुन्या वाचनालयाच्या मागे, अहिल्यानगर. चौकीत स्वतः हजर राहून, समक्ष विचारल्यावरून खालीलप्रमाणे सांगते की,

मी वरील पत्त्यावर मुलगी शिफा हिच्यासह राहते. शिफा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझे पती इब्राहिम शेख हे नाटक, लग्न व सभेच्या ठिकाणी लायटिंगचे काम करीत. ते गेल्या वर्षी जानेवारीत मयत झाले आहेत. मला मराठी लिहिता-वाचता येते. मला काल रात्री नोटीस मिळाली, त्याप्रमाणे आज आले आहे. नोटीस नसती मिळाली तरी आज येणारच होते, हे आधी लिहून घ्यावे.

आमच्या रस्त्यावर जुने नाट्यगृह, वाचनालय, गाण्याचा क्लास व चित्रशाळा आहे. तिथे दरवर्षी जानेवारीत, संक्रांतीच्या आधी, तीन दिवस कलोत्सव भरतो. रस्ता गाड्यांना बंद करतात. एका बाजूला चित्रे, मातीकाम, विणकाम यांचे स्टॉल असतात. चौकात स्टेज असते, तिथे गाणे, नाच, पथनाट्य, भारूड होते. लहान मुले रस्त्यावरच बसून चित्रे काढतात. हा उत्सव सुरू झाला तेव्हापासून लायटिंग माझ्या पतीचे व नाचणाऱ्या मुलींचे कपडे माझे, असे चालत आले. कलोत्सव आमच्या घरचा आहे असे आम्ही समजत होतो.

काकासाहेब धनवटे, धंदा बांधकाम, हे उत्सव समितीचे अध्यक्ष आहेत. ते अध्यक्ष झाल्यापासून रस्त्याच्या तोंडाशी लोखंडी पाइपांची उंच कमान उभी राहते. त्यावर उत्सवाचे नाव बारीक अक्षरात व काकासाहेबांचा फोटो मोठा असतो. गेल्या वर्षी उत्सवाच्या पहिल्याच संध्याकाळी ती कमान पडली. त्याखाली माझे पती सापडले. त्या वेळी मी बायकांच्या स्टॉलजवळ होते. मी आवाज ऐकला. पुढचे माझ्या गेल्या वर्षीच्या जबाबात आहे. ते मी परत सांगणार नाही.

समितीने तेव्हा, अचानक सुटलेल्या जोराच्या वाऱ्याने कमान पडली, असे लिहून दिले व प्रकरण अपघात म्हणून मिटले. दुसऱ्या दिवशी उत्सव पुढे चालू झाला. कला थांबत नसते, असे काकासाहेब स्टेजवरून बोलले. ते आमच्या घरात ऐकू येत होते. घरात माणसे बसलेली होती.

याबाबत मी सांगते की, त्या संध्याकाळी वारा नव्हता. आमच्या स्टॉलपुढे अंबिकाबाई पुराणिक यांनी रांगोळीचा गालिचा काढला होता. अंबिकाबाई या चित्रकलेच्या निवृत्त शिक्षिका असून बायकांच्या स्टॉलची व्यवस्था त्या पाहतात. कमान पडल्यानंतर लोक त्या बाजूला पळाले, तेव्हा पायांनी रांगोळी विस्कटली. त्याआधी तिची एक रेघ जागची हलली नव्हती. कोरडी रांगोळी हलली नाही आणि लोखंडी कमान पडली, असा वारा मी पाहिलेला नाही. ही गोष्ट मी तेव्हाही सांगितली होती. तेव्हा मला, तुम्ही दुःखात आहात, असे सांगण्यात आले.

पती गेल्यावर पाळायचे इद्दतीचे दिवस मी घरात काढले. त्याच दिवसांत गोधडी शिवायला घेतली. तिच्यात माझ्या पतीचे सगळे कपडे लागले. कामाच्या निळ्या पँटींचे आभाळ केले. चौकड्याच्या शर्टांची नाट्यगृहाची इमारत, वाचनालय व वाटेतले लिंबाचे झाड केले. रस्त्याच्या तोंडाशी आडवी पडलेली कमान दाखवली. बाजूला शिडी व शिडीवर कोणी नाही. ईदचा पांढरा कुर्ता कापून त्याची अक्षरे केली व सगळ्यात वर शिवली. ती अक्षरे अशी : त्या संध्याकाळी वारा नव्हता. गोधडी शिवताना मला कोणी मदत केली नाही व कोणी भरीस घातले नाही. शिफा शिवू नको म्हणत होती. तिचे म्हणणे, अम्मी, त्या कुर्त्याला तरी हात लावू नकोस. मी लावला.

गेल्या महिन्यात समितीची माणसे घरी आली. या वर्षी स्टेजला इब्राहिमभाई शेख रंगमंच असे नाव दिले आहे, पहिल्या संध्याकाळी अध्यक्षांच्या हस्ते तुमचा शाल देऊन सत्कार आहे, नक्की या, असे म्हणाले. मी येते म्हणाले. कमान यंदाही लावणार का, असे मी विचारले. त्यातला एकजण म्हणाला, "लावणार ना भाभी, पण या वेळी मजबूत." बाकीचे त्याच्याकडे बघायला लागले. मग ते चहा न घेता गेले.

काल दि. ९ रोजी दुपारी मी गोधडी घेऊन स्टॉलवर गेले. अंबिकाबाईंनी ती उलगडून पाहिली. अक्षरे वाचली. मी म्हणाले, "बाई, तुम्हाला त्रास होणार असेल तर मी माझ्या खिडकीला लावते." त्या म्हणाल्या, "खिडकीला कशाला? आणि इथं कोपऱ्यात पण नको. मधोमध लाव. माझी चित्रं सरकवते मी." त्यांनी स्वतः स्टुलावर चढून दोरी बांधली. त्यांचे गुडघे दुखतात, तरी चढल्या. गोधडी लावण्यास समितीची परवानगी होती काय, असे विचारल्यावरून सांगते की, स्टॉल आमचा होता व आम्ही काय लावावे हे आजवर कोणी विचारले नव्हते.

लोक येऊन वाचत होते. काहीजण वाचून लगेच पुढे जात होते. काही बायका तिथेच उभ्या राहिल्या. सायंकाळी सहाच्या सुमारास कल्याण धुमाळ हे दोन माणसांना घेऊन आले. ते काकासाहेबांचे मॅनेजर असून सध्याचे तक्रारदार तेच आहेत. आमच्यात बोलणे झाले ते असे :

"भाभी, हे काढून घ्या. पाहुणे यायचेत."

"पाहुण्यांनाच दाखवायला लावलंय."

"आज तुमचा सत्कार आहे. इब्राहिमभाईंचं नाव दिलंय स्टेजला. अजून काय करायचं साहेबांनी?"

"कमान कशानं पडली ते सांगायचं."

"झालं ते झालं. शिफाचं शिक्षण संपत आलंय ना? साहेबांच्या ऑफिसात जागा आहे. मी शब्द टाकतो."

"शिफाचं शिफा बघेल. तुम्ही दोरीला हात लावू नका."

त्यांनी दोरीला हात लावला. त्यांच्या माणसांनी गोधडी खाली ओढली. तिचा वरचा एक कोपरा फाटला. मी दुसरे टोक धरून ओढले व त्यांच्या हातातून सोडवून घेतले. त्या वेळी माझा हात कल्याण धुमाळ यांना लागून त्यांचा चष्मा खाली पडला. तक्रारीत मी त्यांना थप्पड मारली असे आहे. ते खरे नाही. मी थप्पड मारली असती तर तसे सांगितले असते. चष्मा फुटला नाही. अंबिकाबाईंनी तो उचलून, पदराने पुसून त्यांना दिला व म्हणाल्या, "घाला. आणि एकदा नीट वाचून जा."

तेवढ्यात स्टेजवरून माझे नाव पुकारले. मी गोधडी अंगाभोवती घेतली, अक्षरे पाठीवर आली, आणि तशीच चौकात गेले. मुद्दाम तशी घेतली काय, असे विचारल्यावरून, होय, मुद्दाम.

स्टेजवर जाण्यास मला कोणी अडवले नाही. सत्कार माझाच होता. बाजूला मुली नाचाच्या कपड्यांत उभ्या होत्या. ते कपडे मी शिवलेले आहेत. पुढचा कार्यक्रम गोजरबाई यांच्या भारुडाचा होता. त्या संगमनेरकडच्या जुन्या गाणाऱ्या आहेत. त्या पायरीवर बसल्या होत्या. मी त्यांच्या बाजूने वर गेले तेव्हा त्यांनी माझी पाठ वाचली व बसल्या जागेवरून उठून उभ्या राहिल्या.

काकासाहेब माईकवर बोलत होते. माझे पती कसे हसतमुख होते ते सांगत होते. मी त्यांच्यासमोर, त्यांच्याकडे तोंड करून उभी राहिले. माझी पाठ लोकांकडे होती. काकासाहेबांना माझे तोंड दिसत होते, मागचे दिसत नव्हते. लोक एकदम गप्प झाले. आपल्या बोलण्याचा परिणाम झाला असे त्यांना वाटले असावे. त्यांनी आवाज आणखी हळू केला.

मग शाल घालायला ते माझ्या मागे आले आणि त्यांनी वाचले. त्यांनी शाल उलगडली व माझ्या पाठीवर, अक्षरे झाकतील अशी पसरली. ती खांद्याला दाबून धरली. कानाजवळ येऊन म्हणाले, "ताई, लोकांपुढं तमाशा नको." मी म्हणाले, "साहेब, मला शाल नको. माझ्याकडे पांघरूण आहे." हे माईकमध्ये गेले. मी शाल काढून घडी घातली व त्यांच्या खुर्चीवर ठेवली. फेकली असे तक्रारीत लिहिले आहे. मी आयुष्यभर कपड्याचे काम केले आहे. मी कापड फेकत नाही.

त्यानंतर माईक बंद झाला. कोणी केला ते मी पाहिले नाही. स्टेजवरचे दिवेही गेले. चौकात अंधार झाला. मी जागेवरून हलले नाही. मग लोकांच्या बाजूने एक मोठा दिवा लागला व त्याचा झोत माझ्या पाठीवर आला. लोक मोठ्याने वाचू लागले. आधी एक-दोन आवाज, नंतर बरेच. मी वळून पाहिले नाही. पण तो झोत कसा येतो हे मला माहीत आहे. आधी पायाशी, मग हळूहळू वर. माझे पती तसाच टाकायचे.

तो दिवा सुनील रभाजी खेत्रे याने लावला होता. सुनील मूळचा कर्जत तालुक्यातला. माझ्या पतीच्या हाताखाली त्याने अनेक वर्षे काम केले. त्यांच्यामागे उत्सवाचे लायटिंग त्याला मिळाले आहे. गेल्या वर्षी वाऱ्याच्या कागदावर साक्षीदार म्हणून त्याची सही आहे. तेव्हापासून मी त्याच्याशी बोलत नव्हते. तो ईदला दाराशी येऊन उभा राहिला होता. मी दार उघडले नाही.

सुनील दिवा तसाच चालू ठेवून लोकांमधून स्टेजवर आला. माईक नव्हता. लोकांचा गलका चालू होता. गोजरबाई पुढे होऊन ओरडल्या, "गप बसा की रं! माइक गेला म्हनून काय झालं? माजं निम्मं आयुष्य बिनमाइकचं गेलंय. त्यो काय बोलतोय ते आइका."

मग सुनील बोलला. तो माझ्याकडे बघत नव्हता. तो बोलला ते मला आठवते तसे सांगते :

"वारा न्हवता. भाभींनी लिवलंय ते खरं हाय. कमानीला मागनं तारांचे ताण दिल्ते, ती पुढं झुकू नये म्हनून. पाव्हन्यांच्या गाड्या मागं लावायच्या हुत्या, तर धुमाळसाहेबांनी ते ताण सोडायला लावले. म्याच सोडले. मंग काकासायेब म्हनले, फोटो अंधारात दिसतोय, लाइट वर घ्या. इब्राहिमभाई म्हनले, आधी ताण बांधू, मंग चढतो. धुमाळ म्हनले, पाव्हने दारात आलेत, दोन मिन्टाचं काम हाय. भाईंनी मला चढू दिलं न्हाई. म्हनले, तू न्हवं, मी जातो. तुझी पोरं ल्हान हायेत."

इतके बोलून तो थांबला. काकासाहेब त्याला म्हणाले, "सुन्या, तू सही केलीयेस." तो म्हणाला, "व्हय. आता दुसरी करतो."

त्यानंतर मी काही वेळ स्टेजवर खाली बसले. का बसले हे लिहून घेण्याची गरज नाही.

पोलीस आले. महिला पोलीस अंमलदार ईरा मुळे यांनी मला, गोधडी काढून खाली चला, असे सांगितले. मी म्हणाले, खाली येते, पण गोधडी काढणार नाही. जानेवारी आहे, थंडी आहे, पांघरूण घेऊन रस्त्याने चालायला परवाना लागत असेल तर तो नियम मला दाखवा. त्यांनी परत काढायला सांगितले नाही. पायऱ्या उतरताना गोधडी मागे लोळत होती, तर त्यांनी तिचे टोक उचलून धरले. हे त्यांच्याविरुद्ध जाणार असेल तर लिहू नका. त्या लिहा म्हणतात, म्हणून लिहिले आहे.

मला पोलीस उपनिरीक्षक नृसिंह सातपुते यांनी पुढीलप्रमाणे विचारले व मी सांगितले.

काकासाहेब धनवटे यांची बदनामी करण्याचा हेतू होता काय, असे विचारल्यावरून सांगते की, गोधडीवर कोणाचेही नाव नाही. त्या संध्याकाळी वारा नव्हता, एवढेच लिहिले आहे. यात बदनामी झाली असेल तर ती वाऱ्याची झाली. त्याने येऊन तक्रार द्यावी.

आपसात मिटवून घेण्यास तयार आहे काय व माफीचे दोन शब्द लिहून देणार काय, असे विचारल्यावरून सांगते की, नाही. कल्याण धुमाळ यांना माझा हात लागला, त्याबद्दल मी त्यांची माफी तोंडी मागते, आत्ता, या खोलीत, ते समोर बसले आहेत. मागितली. बाकी कशाचीही माफी नाही. स्टेजवर गेल्याची नाही, शाल परत केल्याची नाही. उत्सवाचा रसभंग झाला असे ते म्हणतात. गेल्या वर्षी माणूस गेला तेव्हा रसभंग झाला नव्हता, दुसऱ्या दिवशी गाणे लागले होते.

गोधडी मुद्देमाल म्हणून ठेवून घ्यावी लागेल, असे समजावल्यावरून सांगते की, कायद्याने घेता येत असेल तर मी अडवणार नाही. पण पंचनामा माझ्यासमोर करावा. त्यात "रंगीत कापडी गोधडी एक" एवढेच लिहिलेले मला चालणार नाही. निळे आभाळ, इमारती, झाड, पडलेली कमान, शिडी, सगळे लिहावे. अक्षरे जशीच्या तशी उतरवावीत. फाटलेला कोपरा कोणी फाडला तेही लिहावे. गेल्या वर्षीच्या सरकारी कागदात वारा आहे. या वर्षीच्या सरकारी कागदात तो नसल्याचे येऊ द्या. हे ऐकून सातपुते साहेबांनी तूर्त गोधडी माझ्याच ताब्यात ठेवण्यास सांगितले आहे.

माझी मागणी अशी की, माझ्या पतीच्या मृत्यूची चौकशी पुन्हा करावी. ताण कोणी सोडायला लावले, ताण सुटलेले असताना माणूस वर चढवायला कोणी सांगितले, आणि वाऱ्याचा कागद कोणी लिहिला, हे शोधावे. त्यासाठी वेगळा अर्ज द्यावा लागतो असे मला सांगण्यात आले. अर्ज मी देणार आहे. पण इथेही लिहा. दोन ठिकाणी असलेले बरे.

यंदाची कमान अजून उभी आहे. तिचे ताण बांधलेले आहेत की नाहीत, हे येताना मी व शिफाने मागे जाऊन पाहिले. बांधलेले आहेत. तरी सगळ्यांनी जाऊन पाहावे. तिच्याखालून शाळेची मुले चित्रांचे कागद घेऊन जातात.

आज उत्सवाचा दुसरा दिवस आहे. अंबिकाबाईंनी मधली जागा मोकळी ठेवली आहे. इथून सुटल्यावर मी स्टॉलवर जाऊन गोधडी पुन्हा लावणार आहे. फाटलेला कोपरा मी शिवणार नाही. कोणी परत काढली तर परत पांघरून फिरेन. याची आगाऊ माहिती चौकीला देत आहे, म्हणजे नंतर शोधत यायला नको.

सुनील खेत्रे बाहेर बाकावर बसला आहे. तो सकाळी माझ्या आधी आला. समितीने त्याचे काम आजपासून बंद केले आहे व त्याच्या दिव्यांचे सामान रस्त्यावर काढून ठेवले आहे. त्याला जबाब द्यायचा आहे. गर्दी आहे, सोमवारी ये, असे त्याला सांगण्यात आले. मी सांगते की, त्याला सोमवारी बोलावू नये. सोमवारपर्यंत माणसाला पुष्कळजण भेटतात. शिफाने मघाशी घरून चहा करून आणला. मी तिला, आधी त्याला दे, असे सांगितले. त्याने घेतला.

हा जबाब लिहून झाल्यावर मी कोणाला वाचायला न सांगता स्वतः मोठ्याने वाचला. एके ठिकाणी "मला वाटते की वारा नव्हता" असे लिहिले गेले होते. "मला वाटते की" हे शब्द माझ्या सांगण्यावरून खोडले व तिथे मी सही केली. बाकी मी सांगितले तसेच आहे, त्यात कोणाच्या सांगण्यावरून काही कमी-जास्त नाही. खाली सही करीत आहे. सही झाली म्हणून मी इथून जाणार नाही. आता ही खुर्ची सुनीलला द्यावी. त्याचा जबाब होईपर्यंत मी शेजारी उभी राहते.

(सही) जरीना इब्राहिम शेख

समक्ष : ईरा मुळे, महिला पोलीस अंमलदार